माझं रक्त आणि वन्संची किडनी

३ मार्च, सोमवार

आज दोन वह्या आणल्या. निळी हॉस्पिटलसाठी. गोळ्यांच्या वेळा, रक्तदाब, वजन, सगळं त्यात लिहायचं आणि दर भेटीला दाखवायचं, असं प्रत्यारोपण विभागातल्या बाईंनी बजावलंय. ही दुसरी माझी. ही कुणाला दाखवायची नाही.

झालं असं. वर्षाची तपासणी होती. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती चांगली चाललीय त्याचा आकडा, एक पॉइंट एक, गेली सहा वर्षं आहे तेवढंच. मी पर्स खांद्याला लावून उठले सुद्धा. डॉक्टर म्हणाले, "बसा. एक वेगळी तपासणी बघायचीय."

ती अँटिबॉडीची. शरीरात परकं काही शिरलं की रक्त त्याला हेरतं आणि त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. किडनी देणाऱ्याच्या पेशींवर काही खुणा असतात, त्यातल्या एका खुणेविरुद्ध माझ्या रक्तात या अँटिबॉडी सापडल्या. मागच्या वर्षी नव्हत्या. आकडा अठ्ठावीसशे.

"म्हणजे किडनी गेली?"

"नाही. आज ती छान चाललीय. पण हे असंच राहिलं तर पाच वर्षांनी चालेल का, ते सांगता येणार नाही. क्रिएटिनिन वाढेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो, म्हणून हे आधी बघतो." मग त्यांनी चष्मा काढला. "गोळ्या चुकतात का?"

"एकही नाही," मी म्हणाले. जरा जोरातच.

शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ एक गोळी, आणि सहा वर्षांत एक दिवस गोळीशिवाय गेलेला नाही. तरी चूक माझीच असणार, असं गृहीत धरून विचारायचं. आणि त्या दिवशी रक्त घेणाऱ्या बाई खांद्यात मोबाइल धरून बोलत होत्या, ते कोण बघणार? माझ्या नळीवर लेबल त्यांनी नंतर चिकटवलं. माझ्याआधी खुर्चीत एक जाड बाई होत्या. त्यांचं रक्त आणि माझं रक्त शेजारी शेजारी उभं होतं.

मी हे डॉक्टरांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "पुन्हा घेऊ. दात्याच्या खुणांची तपासणीही जुन्या पद्धतीची आहे, तीही परत करून घेतली तर शंका उरणार नाही. त्यांना बोलावता येईल?"

"त्यांना कशाला," मी म्हणाले.

बाहेर आल्यावर नवऱ्याला ताकीद दिली. वन्संना यातलं अक्षरही कळता कामा नये.

५ मार्च, बुधवार

वन्सं म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची मोठी बहीण. गाडी शिकवणं हा त्यांचा व्यवसाय. ज्यांचा बाकी सगळ्यांनी नाद सोडून दिलाय अशांनाही त्या पंधरा दिवसांत रस्त्यावर आणतात. माझ्या सख्ख्या भावाचा रक्तगट जुळत असूनही पुढच्या तपासण्यांत त्याची किडनी जुळली नाही. वन्संचं माझ्याशी रक्ताचं नातं नाही, आणि त्यांनी दिली. क्लच सोड म्हणावं तितक्या सहज म्हणाल्या होत्या, "माझी घ्या."

तेव्हापासून दर रविवारी फोन येतो. "माझी बाई कशी आहे?" म्हणजे किडनी. मी कशी आहे ते त्यानंतर.

आता या बाईंना कसं सांगायचं, की माझ्या रक्ताला तुम्ही आवडेनाशा झालात? लोक काय म्हणतील ते मला पाठ आहे. नणंद ती नणंद, भावजयीनं किडनी घेतली पण मनातून काही स्वीकारलं नाही. मनात काय होतं ते रक्तात उतरलं. डॉक्टर म्हणतात मनाचा काही संबंध नसतो. डॉक्टरांना नणंद नसावी.

८ मार्च, शनिवार

आमच्या डेंटल लॅबमध्ये मोठं काम आलंय. एका गायिकेचे समोरचे वरचे सहा दात. मालकांनी साचा माझ्याच टेबलावर आणून ठेवला. "दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही," म्हणाले.

असा दात म्हणजे पांढरा तुकडा नसतो. मुळाशी पिवळसर, मधे दुधाळ, कडेला काचेसारखा. पोर्सिलेनचे थर ब्रशनं एकावर एक चढवायचे आणि भट्टीत घालायचं. ब्रश केसाइतका हलला तरी बघणाऱ्याला कळतं की दात बसवलेला आहे. का कळतं ते त्याला सांगता येत नाही, पण कळतं.

सकाळची गोळी घेतली की तासाभरात माझे हात कापायला लागतात. दुपारपर्यंत कापतात, मग शांत होतात. म्हणून नाजूक काम असलं की गोळी जरा मागे ढकलते. आज साडेबाराला घेतली. मग संध्याकाळचीही मागे गेली, त्यात पाहुणे आले, आणि झोपताना आठवलं तेव्हा दात घासून झाले होते. रोज अशी वेळ येत नाही.

निळ्या वहीत आठ आणि आठ लिहिलं. उगाच त्या बाईंना मिनिटांचा हिशेब कशाला.

१४ मार्च, शुक्रवार

माझ्या औषधांच्या डब्याला कुणीतरी हात लावलाय.

मी पट्ट्या उभ्या ठेवते, चंदेरी बाजू भिंतीकडे. आज दोन पट्ट्या उलट्या होत्या. नवऱ्याला विचारलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो, खोटं बोलायची सवय नाही. म्हणाला, "मी नाही बघितलं." मी हात लावला का विचारलं होतं, बघितलं का नव्हे.

आणि दुसरी गंमत. मागच्या महिन्याच्या तीन पट्ट्या अजून शिल्लक आहेत. हा महिना अर्धा सरला तरी. म्हणजे दुकानदार जास्त देतोय, किंवा कुणीतरी आणून ठेवतंय. आणून ठेवत असेल तर कशासाठी? खरी काढून दुसरी ठेवायला? मी एक गोळी भिंगाखाली धरली, दातांचे कंगोरे बघतो तसलं भिंग. रंग तोच, अक्षरं तीच. तरी भिंगातून सगळं कळतं असं नाही.

१७ मार्च, सोमवार

आज पुन्हा रक्त दिलं. लेबल आधी चिकटवायला लावलं आणि त्यावरचं नाव मोठ्यांदा वाचून घेतलं. रक्त घेणाऱ्या बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही चोरायला आलेय.

शनिवारपासून गोळ्या अगदी काट्यावर घेतल्या, म्हणजे औषधाची पातळीही चांगली येईल. दर वेळी तसंच करते. परीक्षेच्या आधी सगळेच अभ्यास करतात.

१९ मार्च, बुधवार

नवरा गॅलरीत फोनवर बोलत होता. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी बोलावं तसा हळू. मी कपडे काढायला गेले तर म्हणाला, "बरं, ठेवतो," आणि उगाच कुंडीतली माती उकरत बसला.

"कोण होतं?"

"कामाचं."

मोबाइल त्यानं कधी लपवला नाही. आज तो आंघोळीला गेल्यावर मी उघडला. मला अभिमान नाही याचा. वन्संचा निरोप होता: *मी शनिवारी दहाला हॉस्पिटलला येते. तिला कळू देऊ नकोस.*

तिला म्हणजे मला. दुसरी कोण आहे?

२२ मार्च, शनिवार

लॅबमध्ये डोकेदुखीचं सांगून साडेनऊला निघाले. वन्संची गाडी कुठंही ओळखू येते, छपरावर पाटी आहे आणि शेजारच्या सीटसमोर जास्तीचा ब्रेक. हॉस्पिटलच्या आवारात उभी होती. मी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन उगाच माझ्या ओळखपत्राच्या चार प्रती काढल्या.

पाऊण तासानं दोघं बाहेर आली. वन्संच्या कोपराच्या आत कापूस चिकटवलेला. नवऱ्याच्या हातात लिफाफा. वन्सं पायरीवर बसल्या, तोंडावरून हात फिरवला, आणि नवरा त्यांच्या शेजारी बसला. मग वन्सं काहीतरी म्हणाल्या आणि त्यानं मान हलवली.

वन्संना काहीतरी झालंय. एकच किडनी उरली, ती बिघडली असणार. मला सांगायचं नाही असं ठरलंय. दिलेली परत मागता येत नाही, म्हणून नुसतं रडायचं, तेही माझ्या पाठीमागे. आणि इकडे त्यांची दुसरी माझ्या पोटात, माझंच रक्त तिला खायला उठलंय.

संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "डोकं कसंय?" त्याला कुणी सांगितलं डोक्याचं? म्हणजे लॅबमध्ये फोन केला होता. म्हणजे माझ्यावरही पाळत आहे.

२७ मार्च, गुरुवार

गायिकेचे सहा दात तयार होऊन गेले. बसवल्यावर ती आरशात बघून गप्प झाली आणि मग गुणगुणायला लागली, असं दंतवैद्यांनी मालकांना कळवलं. मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं. या आठवड्यात चार दिवस गोळी दुपारी घेतली, पण काम असं झालं.

घरी आले तर प्रत्यारोपण विभागातल्या बाईंचा फोन. लेबल बरोबर होतं. रक्त माझंच. आकडा आता एक्केचाळीसशे. वन्संच्या खुणाही परत तपासल्या आणि अँटिबॉडी त्यांच्याच खुणेविरुद्ध आहेत, यात शंका नाही.

"त्यांच्या खुणा कशा तपासल्या?" मी विचारलं. "त्यांना तर कुणी बोलावलंच नाही."

"शनिवारी येऊन गेल्या ना," बाई म्हणाल्या. "तुमच्या यजमानांबरोबर."

फोन ठेवला. म्हणजे तो कापूस या तपासणीचा होता. वन्सं आजारी नाहीत. पंधरा मिनिटं मी नुसती सुटल्यासारखी बसले. मग राग आला. म्हणजे त्यांना सगळं माहीत आहे. गेल्या रविवारी "माझी बाई कशी आहे" म्हणताना माहीत होतं.

३० मार्च, रविवार

नवऱ्याशी भांडले. तू सांगितलंस, मी नको म्हटलं होतं. तो म्हणाला, "तू म्हणालीस नमुने बदलले. बदलले नाहीत हे सिद्ध करायला ताईचं रक्त लागत होतं. मग काय करू?"

"आणि डबा?"

"मोजल्या मी," म्हणाला. "दर आठवड्याला मोजतो. जानेवारीपासून."

"का?"

"जास्त उरतात."

"दुकानदार जास्त देतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली की तो असाच बघतो म्हणे, कुठं हात घालावा ते ठरेपर्यंत. मग स्वयंपाकघरात गेला.

वन्संचा रविवारचा फोन आज आला नाही.

२ एप्रिल, बुधवार

डॉक्टरांनी सहा वर्षांच्या औषधाच्या पातळ्या कागदावर मांडून दाखवल्या. माझ्या नेहमीच्या तपासणीच्या सगळ्या चांगल्या. पण मधे दोनदा, एकदा ताप होता म्हणून आणि एकदा दात काढला म्हणून, न ठरवता रक्त घेतलं होतं. त्या दोन्ही खाली. "पातळी वरखाली झाली की शरीराला फट मिळते," म्हणाले. "तुम्ही वेळेवर घेता म्हणता, मग पोटात शोषलं जात नाही का, तेही बघावं लागेल." माझ्या निळ्या वहीची पानं त्यांनी एकेक करून उलटली. रोज आठ आणि आठ. "एवढं नियमित मीही जेवत नाही," म्हणाले. हसून म्हणाले की कसं ते कळलं नाही.

पुढच्या बुधवारी बायोप्सी. किडनीचा सुईएवढा तुकडा काढून बघायचा.

९ एप्रिल, बुधवार

हे पडल्या पडल्या लिहितेय, अक्षर वाकडं येईल.

सकाळी भरती. पोटाच्या उजव्या बाजूला भूल दिली, टक् असा आवाज झाला, संपलं. त्यानंतर सहा तास पाठीवर सरळ पडून राहायचं. कूस बदलायची नाही, उठायचं नाही.

दार उघडलं आणि वन्सं आत आल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "तू जा, खाऊन ये." मग खुर्ची ओढून अशा बसल्या, जणू शिकाऊ माणसाच्या शेजारी बसल्यात, पाय ब्रेकवर.

मी डोळे मिटले.

"झोपलेली नाहीस. पापण्या हलताहेत."

मी उघडले.

"त्या शनिवारी रक्त द्यायला आले तेव्हा डॉक्टरांनी मला कागद दाखवला," त्या म्हणाल्या. "तुझं रक्त मला ओळखायला लागलंय म्हणे. सहा वर्षांनी. बरीच मंद आहेस."

मला हसू आलं आणि पोटात कळ आली.

"हसू नकोस, सांगितलंय मला. आता विचारते ते सांग. गोळी किती वाजता घेतेस?"

"आठला."

"मी हॉस्पिटलातली बाई नाही. किती वाजता घेतेस?"

छताला एक पंखा होता, बंद. मी त्याच्याकडे बघत सांगितलं. हात कापतात ते. ब्रश हलतो ते. साडेबारा, कधी दोन, कधी संध्याकाळची राहून जाते. मोठ्यांदा सांगताना ते कसं ऐकू येतं ते मला आज पहिल्यांदाच कळलं. लिहिताना तसं वाटत नव्हतं.

वन्संचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं.

"हात कापतात हे डॉक्टरांना सांगितलंस कधी?"

"नाही."

"सहा वर्षांत?"

"नाही."

"का?"

"काय सांगू? तुम्ही पोट कापून घेतलंत, आणि मी हात कापतात म्हणून तक्रार करू? लोक म्हणाले असते, हिला जीव मिळाला तरी पुरत नाही. तुम्ही म्हणाला असता."

"मी म्हणाले असते?"

सहा वर्षं मी त्यांना मनातल्या मनात ते वाक्य म्हणताना ऐकत होते. त्यांच्याच आवाजात. प्रत्यक्षात त्यांनी कधी म्हटलं, ते मला आठवेना.

वन्सं उठून खिडकीशी गेल्या. पाठ माझ्याकडे. "मी फोन करून आधी तिची चौकशी करते," म्हणाल्या, "कारण तुला कशी आहेस विचारलं की तू 'छान' म्हणतेस आणि ठेवून देतेस. तिच्याबद्दल विचारलं की निदान आकडा तरी सांगतेस." थोड्या वेळानं म्हणाल्या, "पायरीवर बसले होते त्या दिवशी. मला वाटलं, माझ्यातच काहीतरी खोट होती आणि ती मी तुझ्यात घातली. डॉक्टरांना तीनदा विचारलं."

मला उठता येत नव्हतं. मी हात लांब केला. त्यांनी बघितला नाही, मग बघितला.

१० एप्रिल, गुरुवार

डॉक्टरांना सगळं सांगितलं. नवरा शेजारी उभा होता, जमिनीकडे बघत. मला वाटलं डॉक्टर चिडतील. त्यांनी निळी वही मिटून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "हातांचं आधी सांगितलं असतं तर." वाक्य पूर्ण केलं नाही.

याच औषधाची दिवसातून एकदाच घ्यायची गोळी मिळते, हळूहळू विरघळणारी. एकदम चढत नाही, म्हणून कंपही बऱ्याचदा कमी होतो. ती सुरू करू म्हणाले. एवढंच होतं.

१६ एप्रिल, बुधवार

बायोप्सीचा निकाल. बारीक रक्तवाहिन्यांना सूज आहे, अँटिबॉडींमुळेच. थोडा भाग कडक झालाय, तो परत येणार नाही. बाकी वाचवता येईल. रक्त गाळण्यासारखे उपाय आत्ता नकोत, आधी औषधाची पातळी स्थिर करू, दर तीन महिन्यांनी आकडा बघू.

"परत येणार नाही" हे शब्द मी वन्संना फोनवर जसेच्या तसे सांगितले. गाळून सांगायचा मोह झाला होता. पलीकडून कुणी शिकाऊ चुकीच्या गिअरमध्ये गाडी टाकल्याचा कर्कश आवाज आला. "बरं," वन्सं म्हणाल्या, "आहे तेवढी सांभाळ."

८ जुलै, मंगळवार

बरेच दिवस लिहिलं नाही. सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि गोळी सकाळी सातला.

आकडा एकोणतीसशे. गेला नाही, पण उतरला. डॉक्टर म्हणाले, हा आकडा वजनकाट्यासारखा नेमका नसतो, पण दिशा बरोबर आहे. क्रिएटिनिन एक पॉइंट दोन. पाच वर्षांनी काय, ते मी विचारलं नाही. हात कापतात, पण कमी. सगळ्यात नाजूक कडा मी दुपारी तीननंतर करते आणि मालकांना ते सांगून टाकलंय. त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं.

वन्सं सोबत आल्या होत्या. प्रत्यारोपण विभागातल्या बाई सहज म्हणाल्या, "दात्यांचीही वर्षाची तपासणी बघू ना?" वन्सं म्हणाल्या, "झाली की." लगेच म्हणाल्या. फारच लगेच. गाडीची किल्ली बोटात फिरवायला लागल्या.

"कधी झाली?" मी विचारलं.

"झाली म्हटलं ना."

बाईंनी फाइल उघडली. वर्षाच्या तपासणीची शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची.

मी वन्संचा दंड धरून त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांना कुणी धरून बसवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, त्यांनीही नसावं. रक्तदाबाचा पट्टा आवळला, हवा सुटली, आकडे दिसले. एकशे अठ्ठावन्न, शंभर.

"मशीन बिघडलंय," वन्सं म्हणाल्या. "माझ्याआधी कोण होतं काय माहीत."

"असेल," मी म्हणाले. "दुसरा हात द्या."